झ्लीनचा खण आणि झ्लीनचें घर

(१)

इमारत हें इतिहासाचें साधन होय, ही गोष्ट आतां नव्यानें सिद्ध करावयास नको. ताम्रपट, बखरी व पत्रव्यवहार यांच्या जोडीनें देवळें, किल्ले, वाडे, घाट व पूल यांचीही साक्ष संशोधक घेत आले आहेत. तथापि विसाव्या शतकांतील कारखाने आणि त्यांच्या आश्रयानें उभ्या राहिलेल्या कामगारवस्त्या यांस ऐतिहासिक साधनांच्या पंक्तीस बसविण्याची प्रवृत्ति आपल्याकडे अद्यापि म्हणावी तशी दिसत नाहीं. कारखाना हा अर्थशास्त्राचा विषय आणि घर हा सुखसोयींचा विषय, अशी कांहींशी वांटणी आपण मनांत करून ठेविली आहे. ही वांटणी किती अपुरी आहे हें दाखविण्यास झ्लीन या नगराचें उदाहरण फार उपयोगी पडतें. म्हणून प्रस्तुत लेखांत त्याचा विचार करावयाचें योजिलें आहे.

बाटा हें नांव महाराष्ट्रांत खेड्यापाड्यांपर्यंत पादत्राणांचें म्हणून परिचित आहे. कित्येकांस तें या देशांतीलच वाटतें. वस्तुतः तें मोराव्हियांतील, म्हणजे आजच्या चेक प्रजासत्ताकाच्या पूर्व भागांतील, पिढ्यान्‌पिढ्या जोडे शिवणाऱ्या एका कुळाचें नांव असून त्याचा मूळ उच्चार ‘बात्या’ असा कांहींसा आहे. याच कुळांतील पुरुषांनीं पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या दरम्यान झ्लीन येथें जें नगर उभारलें, त्यांत कारखाना, कचेरी, दुकान, शाळा, चित्रपटगृह व कामगारांचीं घरें हीं सर्व एकाच कंपनीच्या आराखड्यानें व बहुतांशीं तिच्याच बांधकाम खात्याच्या हातून झालीं. आधुनिक वास्तुशिल्पाच्या इतिहासांत या नगरास मानाचें स्थान आहे.

त्याच्या योग्यतेविषयीं मात्र आरंभापासून दोन पक्ष आहेत. १९२८ सालीं रुडॉल्फ फिलिप यानें टोमाश बात्यास अज्ञात हुकूमशहा ठरविणारें पुस्तक जर्मन भाषेंत प्रसिद्ध केलें. १९३० सालीं जिनिव्हा येथील आंतरराष्ट्रीय मजूर कचेरीनें या कारखान्यांतील पद्धतीचा व तिच्या सामाजिक परिणामांचा अभ्यास छापला. १९३३ सालीं टी. स्वातोप्लुक या नांवानें लिहिणाऱ्या, पूर्वीं कंपनीच्याच जाहिरात खात्यांत असलेल्या लेखकाची ‘बोतोस्त्रोय’ ही कादंबरी निघाली आणि कंपनीनें न्यायालयाकडे धांव घेऊन तिचा प्रसार थांबविला. उलट पक्षीं, स्वच्छ हवेंतील बागेसह घर, दवाखाना, शाळा व चांगली मजुरी देणारा मालक दुसरा दाखवा, असा बात्याच्या चाहत्यांचा सवाल असे. तेव्हां प्रश्न असा कीं, मालकानें कामगारास घर बांधून दिलें तर तें औदार्य म्हणावें कीं बंधन? दोनही पक्षांच्या ग्रंथांत आवेश पुष्कळ आहे. इमारतींना आवेश नसतो. म्हणून प्रथम इमारतींची मापें व मांडणी पाहूं, आणि मग त्या कोणत्या अटींवर वापरावयास मिळत हें पाहूं.

(२)

झ्लीन हें दर्झेव्नित्से नदीच्या अरुंद खोऱ्यांतील जुनें गांव. १८९४ सालीं टोमाश, अँटोनीन व आन्ना या बात्या भावंडांनीं तेथें जोड्यांचा कारखाना काढला, त्या वेळीं हा प्रदेश ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यांत होता आणि गांवची वस्ती तीन हजारांच्या आसपास होती. टोमाश (जन्म १८७६) १९०४ सालीं अमेरिकेस गेला व मॅसॅच्युसेट्समधील लिन या जोड्यांच्या धंद्याबद्दल प्रसिद्ध असलेल्या शहरीं यंत्रांची व कामाची पद्धति त्यानें प्रत्यक्ष काम करून पाहिली. पहिल्या महायुद्धांत सैन्याच्या जोड्यांच्या मोठ्या मागणीमुळें कारखाना वाढला. युद्ध संपल्यावर चेकोस्लोव्हाकिया स्वतंत्र झाला, परंतु साम्राज्याची जुनी बाजारपेठ तुटली आणि चलनाचा भाव चढल्यामुळें परदेशीं माल खपेना. १९२२ च्या सप्टेंबरांत टोमाशनें आपल्या जोड्यांच्या किंमती एकदम निम्म्यावर आणल्या. मजुरीही त्यानें उतरविली, मात्र कामगारांस जीवनावश्यक जिन्नस कमी दरानें पुरविण्याची व्यवस्था केली. स्पर्धक अडचणींत आले आणि झ्लीनचा माल सर्वत्र पसरला.

पुढील वर्षीं, १९२३ मध्यें, बात्याच्या पक्षास नगरपालिकेंत बहुमत मिळून टोमाश नगराध्यक्ष झाला व १९३२ सालीं विमान कोसळून मृत्यु येईपर्यंत तो त्या पदावर राहिला. या गोष्टीचें महत्त्व विशेष आहे. नगराची जमीन कशी आंखावी हें ठरविणारा, तीवर कारखाना बांधणारा आणि कामगारांस घरें भाड्यानें देणारा असा तिहेरी अधिकार एकाच पुरुषाच्या ठायीं एकवटला. १९२१ च्या खानेसुमारींत पांच हजारांहून कमी असलेली वस्ती १९३० मध्यें एकवीस हजारांवर गेली. नऊ वर्षांत चौपटीहून अधिक वाढलेल्या या गांवास निवारा पुरविणें हा केवळ दयेचा प्रश्न नव्हता. निवाऱ्यावांचून कामगार येणार नव्हता व कामगारावांचून यंत्रें चालणार नव्हतीं.

(३)

आपल्याकडील जुन्या वाड्यांच्या कागदपत्रांत घराचें माप खणांवरून सांगितलेलें असतें. दोन खांबांमधील अंतर तो खण; पांच खणी सोपा, सात खणी माडी असें म्हटलें कीं वास्तूचा विस्तार जाणत्याच्या डोळ्यांपुढें उभा राहतो. झ्लीनचें वर्म समजण्यास हाच आपला शब्द सर्वांत सोयीचा आहे. येथील कारखान्याचा खण ६.१५ मीटर लांब व तितकाच रुंद, म्हणजे प्रत्येक बाजूस सुमारें वीस फुटांचा, असे. अमेरिकन कारखान्यांच्या मापांवरून तो घेतला गेला. नेहमींच्या इमारतींत लांबीस तेरा व रुंदीस तीन खण धरीत. म्हणजे इमारत ७९.९५ मीटर लांब व १८.४५ मीटर रुंद होऊन प्रत्येक मजल्यास सुमारें १४७५ चौरस मीटर जागा मिळे. एवढ्या रुंदींत मधल्या ओळीपर्यंतही दोन्ही बाजूंच्या खिडक्यांचा उजेड पोंचतो.

या इमारतीची रचना फार साधी आहे. लोखंडी सळया घातलेल्या काँक्रीटचे खांब व तुळ्या मिळून एक सांगाडा उभा करावयाचा. सर्व भार त्यानें पेलावयाचा. खांब गोल असत, आणि ते ओतण्याचे सांचे पोलादी असल्यामुळें एका इमारतीचें काम झालें कीं तेच सांचे दुसऱ्या इमारतीस लावतां येत. ही युक्ति कंपनीचा बांधकाम-इंजिनियर आर्नोश्ट सेह्नल याच्या नांवावर आहे. सांगाड्यांतील रिकाम्या चौकटींत खालीं तांबड्या विटांची बिनगिलाव्याची भिंत व वर रुंद कांचा. भिंतीवर भार नसल्यामुळें ती पातळ चाले, हवी तेथें काढतां येई, हवी तेथें घालतां येई. इमारतींना नांवें नसून आंकडे होते: पहिला आंकडा रांगेचा, दुसरा त्या रांगेंतील क्रमाचा. ‘एकवीस’ म्हणजे दुसऱ्या रांगेंतील पहिली इमारत.

या खणाचा खरा गुण असा कीं तो कोणत्याही कामास चाले. आज जेथें कातडें कापीत तेथें उद्यां रबर आणतां येई. परवां तोच मजला कोठार होई. पुढें पुढें कारखान्याच्या आवाराबाहेरही हा सांगाडा गेला. १९३१ सालचें मोठें दुकान, १९३३ सालीं पुरें झालेलें हॉटेल, शाळा, अविवाहित तरुण कामगारांचीं वसतिगृहें, या सर्वांत तीच रचना दिसते. टोमाशच्या मृत्यूनंतर एका वर्षानें, १९३३ मध्यें, नगराचा वास्तुविशारद फ्रांतिशेक लीडिए गाहुरा (१८९१–१९५८) यानें जें स्मारक बांधलें तेंही याच खणाचें. फरक एवढाच कीं त्यांत वीट नाहीं, केवळ काँक्रीट व कांच आहे, आणि आंत मूर्तीच्या जागीं एक युंकर्स विमान टांगलेलें होतें. मालकाचें स्मारक त्याच्या कारखान्याच्या मापानें बांधावें यांत या नगराची सगळी वृत्ति प्रकट झाली आहे.

या मापाचा कळस म्हणजे १९३८ मध्यें पुरी झालेली एकविसावी इमारत. टोमाशचा सावत्र भाऊ यान अँटोनीन बात्या (१८९८–१९६५) याच्या कारकीर्दींत व्लादिमीर कार्फीक (१९०१–१९९६) यानें कंपनीच्या मुख्य कचेरीसाठीं ती रचिली. तिची उंची ७७.५ मीटर, त्या काळच्या युरोपांत ती उंच इमारतींपैकीं एक होती. कार्फीकनें पॅरिस येथें ल कॉर्ब्युझिए व अमेरिकेंत फ्रँक लॉइड राइट या दोघांच्याही हाताखालीं काम केलेलें होतें. मालकाची कचेरी त्यानें उद्वाहकांतच, म्हणजे वर-खालीं जाणाऱ्या पाळण्यांत, बसविली. सुमारें सहा मीटर औरसचौरस अशा त्या खोलींत टेबल, टेलिफोन व हात धुण्याचें पात्र होतें. मालकानें कामगारांस वर बोलवावयाचें नाहीं, स्वतःची कचेरीच त्यांच्या मजल्यावर न्यावयाची, अशी ही कल्पना. ती सोयीची म्हणा कीं देखरेखीची म्हणा. यान बात्यास १९३९ मध्यें देश सोडावा लागल्यामुळें तिचा त्यास फारसा उपयोग झाला नाहीं.

येथें एक गोष्ट लक्षांत ठेविली पाहिजे. अलंकार टाकून द्यावा, रचना उघडी दाखवावी, इमारत यंत्रासारखी असावी, हे विचार त्या काळीं जर्मनींत व फ्रान्समध्यें जाहीरनाम्यांतून मांडले जात होते. झ्लीनमध्यें ते जमाखर्चाच्या वहींतून आले. गिलावा वगळला तो खर्च वांचावा म्हणून, खण ठराविक केला तो वेळ वांचावा म्हणून. गाहुरा व कार्फीक यांचें कौशल्य हें कीं, या काटकसरींतून त्यांनीं प्रमाणबद्ध व प्रसन्न असें नगर निर्माण केलें.

(४)

आतां घराकडे वळूं. ज्या नगरांत दुकानापासून स्मारकापर्यंत सर्वांस एक खण चालला, त्यांत कामगाराच्या घरास मात्र तो लावलेला नाहीं. ही विसंगति नसून धोरण आहे, आणि तेंच या लेखाचें मुख्य सूत्र आहे.

काम एकत्र करावें, राहावें वेगवेगळें, हें बात्यांचें घोषवाक्य होतें. त्यानुसार टेकड्यांच्या उतारांवर लेत्ना, झालेश्ना, पोद्वेस्ना इत्यादि वस्त्या वसल्या. लेत्ना वस्तीचा पहिला आराखडा प्राग येथील प्रसिद्ध वास्तुविशारद यान कोटेरा यानें १९१८ च्या सुमारास केला; त्यांतील घरांना उतरतीं छपरें होतीं. पुढें त्याचाच शिष्य गाहुरा यानें हें काम हातीं घेतलें, तेव्हां छप्पर सपाट झालें, गिलावा गेला व तांबडी वीट उघडी राहिली. घरें एका, दोन किंवा चार कुटुंबांचीं असत. त्यांतील दोन कुटुंबांचें जोडघर सर्वांत प्रचलित होतें. एका भिंतीच्या दोहों अंगांस दोन बिऱ्हाडें, प्रत्येकास स्वतंत्र दार, खालीं बैठकीची खोली, बाजूस लहान स्वयंपाकाची जागा व न्हाणी, आणि अरुंद जिन्यानें वर गेलें कीं निजावयाच्या खोल्या. भोंवतीं हिरवळ, मात्र घराघरांमध्यें कुंपण नाहीं. कित्येक वस्त्यांत घरें बुद्धिबळाच्या पटाप्रमाणें एकाआड एक मागेंपुढें सरकविलेलीं आहेत. त्यामुळें एकाची खिडकी दुसऱ्याच्या भिंतीसमोर येत नाहीं व प्रत्येकास ऊन मिळतें.

मापें लहान, परंतु सोयी त्या काळच्या मानानें उत्तम होत्या. मोराव्हियांतील खेड्यांतून आलेल्या कामगारास नळाचें पाणी, वीज, न्हाणी व बाग हीं एकत्र मिळणें ही सामान्य गोष्ट नव्हती. स्वयंपाकाची जागा लहान ठेवण्याचें कारण मात्र कारखान्यांत सांपडतें: दुपारचें जेवण कंपनीच्या भोजनालयांत होई. म्हणजे घराचा नकाशा कारखान्याच्या घंटेशीं जुळवून घेतलेला होता. घर वेगळें असलें तरी तें स्वयंपूर्ण नव्हतें.

वेगळें राहण्याचा हा आग्रह किती दृढ होता याचें प्रमाण १९३५ सालीं मिळतें. त्या वर्षीं कंपनीनें कामगारांच्या घरांसाठीं आंतरराष्ट्रीय स्पर्धा लावली आणि परीक्षकांत ल कॉर्ब्युझिए यास बोलाविलें. त्यानें झ्लीन पाहून खोऱ्याच्या संपूर्ण विस्ताराचा स्वतःचा एक आराखडाही केला. त्यांत वस्ती खोऱ्याच्या लांबीस धरून पसरविलेली असून उंच निवासी इमारतींचा पुरस्कार होता. आधुनिक वास्तुशिल्पाच्या त्या सर्वांत गाजलेल्या पुरुषाचा हा आराखडा कंपनीनें अंमलांत आणला नाहीं. कचेरी आकाशास भिडलेली तिला चालत होती. कामगाराचें घर मात्र जमिनीवर व सुटेंच तिला हवें होतें.

(५)

असें कां? याचें एक उत्तर आरोग्याचें आहे व तें खोटें नाहीं. एबनेझर हॉवर्ड या इंग्रज लेखकानें एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मांडलेली उद्याननगराची कल्पना कोटेरा व गाहुरा यांस परिचित होती. धूर व दाटी यांपासून कामगारास दूर ठेवावें हें तिचें मर्म. दुसरें उत्तर शिस्तीचें आहे. फांवला वेळ बागेंत व मुलांबाळांत घालविणारा मनुष्य दारूच्या गुत्त्यांत वा सभेंत रमत नाहीं, असा मालकाचा हिशेब होता. मोठ्या चाळींत कामगार एकमेकांच्या दाराशीं असतात. सुट्या घरांत ते आपापल्या अंगणांत असतात. कारखान्यांत स्वतंत्र मजूर संघटनांस वाव मिळत नसे, आणि कामगाराच्या घरगुती वर्तनाकडेही कंपनीच्या नोकरवर्ग खात्याचें लक्ष असे.

तथापि बंधनाचें खरें स्थान विटांत शोधूं लागल्यास तें सांपडणार नाहीं. तें भाड्याच्या अटींत आहे. घर कंपनीच्या मालकीचें होतें. भाडें मजुरीच्या मानानें अल्प असे, म्हणून घर हा मजुरीचाच एक भाग झाला होता. मात्र हा भाग कामगाराच्या खिशांत न जातां मालकाच्या हातीं राही. नोकरी गेली कीं घरही सोडावें लागे. १९२४ पासून कारखान्यांत प्रत्येक विभागाचा हिशेब वेगळा ठेवून नफ्यांतील वांटा कामगारांस देण्याची पद्धति सुरू झाली होती. त्यांतील बराच पैसा ठेव म्हणून कंपनीजवळ व्याजीं राही. म्हणजे काम, घर व बचत या तिन्ही गांठी एकाच दोरीस मारलेल्या होत्या. ज्याचें सर्व सुरळीत चाले त्यास ही दोरी आधाराची वाटे. ज्याचें मालकाशीं बिनसे त्यास तिचा फांस जाणवे. १९२८ चा निंदक व त्याच काळचा चाहता हे दोघेही एकाच वस्तूचें वर्णन करीत होते. मात्र दोरीच्या वेगवेगळ्या टोंकांशीं उभे राहून.

(६)

एखाद्या संस्थेस कोणती गोष्ट अत्यावश्यक वाटते आणि कोणती सोडतां येण्याजोगी, हें ती परमुलखांत गेली असतां कळतें. जकातीचे तट उंच झाल्यामुळें १९३० नंतर बात्यांनीं ठिकठिकाणीं कारखान्यांसह नवीं नगरें वसविलीं: युगोस्लाव्हियांत बोरोवो, इंग्लंडांत ईस्ट टिलबरी, फ्रान्समध्यें एलोकूर, हॉलंडांत बेस्ट येथील वस्ती, स्वित्झर्लंडांत मोलीन, कानडांत बटावा. यांपैकीं बहुतेक ठिकाणीं झ्लीनचीं रेखाचित्रेंच गेलीं. ईस्ट टिलबरीच्या सपाट दलदलींत मोराव्हियन धर्तीचीं सपाट छपरांचीं घरें पाहून इंग्रज प्रवाशास आपण परदेशांत आहोंत कीं काय असा भास व्हावा.

हिंदुस्थानाशीं या इतिहासाचा प्रत्यक्ष संबंध येतो तो येथें. १९३१ च्या अखेरीस टोमाश स्वतःच्या विमानानें या देशांत आला. प्रथम हुगळीच्या कांठीं कोन्नगर येथें लहान प्रमाणावर काम सुरू होऊन १९३४ सालीं कलकत्त्याच्या दक्षिणेस, त्याच नदीच्या पूर्व तीरावर, बाटानगरची पायाभरणी झाली. तेथें झ्लीनचा काँक्रीटचा सांगाडा आला, बहुमजली कारखाना आला, शाळा, दवाखाना, खेळाचें मैदान व चित्रपटगृह हींही आलीं. एकामागून एक इमारतींची तीच मांडणी, तोच उघड्या सांगाड्याचा भाव.

घर मात्र तसेंच्या तसें आलें नाहीं. झ्लीनमध्यें मालकापासून कामगारापर्यंत घरांत लहानमोठेपणा होता, परंतु बागेंतील सुटें घर हें तत्त्व सर्वांस एक होतें. बाटानगरांत युरोपीय अधिकाऱ्यांचीं घरें व भारतीय कामगारांच्या वस्त्या यांची ठेवण व जागा वेगळी राहिली; साध्या कामगारास बागेंतील कौटुंबिक घराऐवजीं अनेक बिऱ्हाडांच्या इमारतींत जागा मिळे, आणि पुष्कळ जण भोंवतालच्या गांवांतूनच कामावर येत. याचें एक कारण हवापाणी व खर्च हें असेल. परंतु साम्राज्याच्या राजवटींतील दर्जाची उतरंड त्यांत उमटली आहे हें नाकारतां येत नाहीं. तात्पर्य, खणाचें माप सहा हजारांहून अधिक किलोमीटर प्रवास करूनही बदललें नाहीं. घराचें तत्त्व समुद्र ओलांडतांच बदललें. कारखान्याची कार्यक्षमता ही कंपनीची निष्ठा होती. कामगाराचें घर हें तिचें साधन होतें. साधन परिस्थितीप्रमाणें बदलतें, निष्ठा बदलत नाहीं.

(७)

झ्लीनचा पुढील इतिहास या निष्कर्षास दुसऱ्या बाजूनें पुष्टि देतो. २० नोव्हेंबर १९४४ रोजीं अमेरिकन विमानांनीं कारखान्यावर बाँब टाकले व अनेक इमारती पडल्या. १९४५ च्या ऑक्टोबरांत कारखाना राष्ट्राच्या मालकीचा झाला. पडलेल्या इमारतींच्या जागीं नव्या इमारती बांधल्या त्याही सांगाड्याच्याच जुन्या पद्धतीनें. मालक गेला तरी खण राहिला. १९४९ च्या आरंभीं कम्युनिस्ट पुढारी क्लेमेंट गोटवाल्ड याच्या नांवावरून नगराचें नांव गोटवाल्डोव्ह करण्यांत आलें. मूळ नांव परत मिळावयास १९९० साल उजाडावें लागलें.

घराचें तत्त्व मात्र नव्या राजवटीनें तत्काळ उलटें केलें. यिर्झी वोझेनिलेक या वास्तुविशारदानें त्याच सुमारास तेथें ‘सामुदायिक गृह’ नांवाची मोठी निवासी इमारत बांधली. तींत स्वतंत्र बिऱ्हाडांबरोबर समाईक भोजनालय व मुलांच्या संगोपनाची सोय यांची योजना होती, आणि एकत्र राहण्यानें नवा समाज घडावा हा तिचा हेतु होता. बात्यांनीं सुटें घर दिलें तें विशिष्ट प्रकारचा कामगार घडावा म्हणून. नव्या शासनानें समाईक घर दिलें तेंही विशिष्ट प्रकारचा कामगार घडावा म्हणून. उपाय परस्परविरुद्ध, परंतु घराच्या आकारानें माणसाचा आकार ठरतो ही श्रद्धा दोघांचीही एकच.

विसाव्या शतकाच्या अखेरीस तेथील जोड्यांचा मोठा उद्योग मोडला. तरी इमारती मोडल्या नाहींत. १९९० मध्यें नगराचा मध्यभाग व वस्त्या संरक्षित क्षेत्र म्हणून घोषित झाल्या. एकविसावी इमारत दुरुस्त होऊन २००४ पासून तींत प्रांतिक शासनाची कचेरी आहे. युद्धोत्तर काळीं बांधलेल्या चौदाव्या व पंधराव्या इमारतींत २०१३ पासून संग्रहालय, चित्रदालन व ग्रंथालय नांदत आहे. गाहुराच्या स्मारकांत मध्यंतरीं भिंती घालून संगीतसभा व चित्रप्रदर्शन भरवीत. त्या भिंती काढून २०१९ मध्यें तें पुनः मूळ रूपांत उघडण्यांत आलें. ईस्ट टिलबरीचा कारखाना २००५ मध्यें बंद पडला, परंतु तेथील वसाहतही संरक्षित आहे.

याउलट तांबड्या विटांचीं घरें आतां खाजगी मालकीचीं झालीं आहेत. कोणी बाहेरून थंडीचें अस्तर चढवून गिलावा करतो, कोणी खोली वाढवितो, कोणी जेथें कुंपणास मज्जाव होता तेथें कुंपण घालतो. वारसा जपणाऱ्यांस याचें दुःख होतें व तें योग्यही आहे. कारण एकसारखेपणा हाच त्या वस्त्यांचा प्राण होता. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें त्या कुंपणासही अर्थ आहे. ज्या घराचा रंगही कंपनी ठरवी, त्या घरास त्यांत राहणाऱ्यानें लाविलेली ती पहिली स्वतःची खूण होय. संरक्षणाचे नियम करणाऱ्यांनीं विटेचा व या खुणेचा, दोहोंचा विचार केला पाहिजे. एकाचाच केला तर पुनः वरूनच घर ठरविण्याची जुनी रीति चालू ठेविल्यासारखें होईल.

(८)

येथवर केलेल्या विवेचनावरून निघणारे निष्कर्ष थोडक्यांत असे :

पहिला, झ्लीनचें आधुनिक वास्तुशिल्प हें कलेच्या वादांतून कमी व उत्पादनाच्या हिशेबांतून अधिक जन्मलें, ६.१५ मीटरांचा खण हें त्याचें बीज.

दुसरा, कामगारांचीं घरें त्या खणाबाहेर ठेवण्यांत आरोग्य व शिस्त हे दोन्ही हेतु होते. त्यांपैकीं एकच खरा मानणारे पक्ष अर्धेंच सत्य सांगतात.

तिसरा, बंधन घराच्या भिंतींत नसून नोकरीशीं बांधलेल्या भाड्यांत होतें. त्याच भिंतींत राहणारा मनुष्य स्वतः मालक होतांच त्या भिंती निरुपद्रवी झाल्या.

चवथा, बाटानगरच्या तुलनेवरून दिसतें कीं, कारखान्याचें माप कंपनीनें सर्वत्र अबाधित राखलें व घराचें तत्त्व मात्र देश, राजवट व दर्जा पाहून बदललें.

यावरून पद्धतीविषयीं एक बोध घेण्यासारखा आहे. इमारतीचें माप घेणें अवश्य आहे, परंतु तेवढ्यानें साक्ष पुरी होत नाहीं. तिच्या जोडीस भाड्याची अट वाचली पाहिजे. भिंत कशी बांधली हें नकाशा सांगेल. त्या भिंतीआड राहणाऱ्यास उद्यां तेथें राहतां येईल कीं नाहीं, हें भाडेपत्रच सांगेल. आपल्या देशांतील गिरण्यांच्या चाळी, रेल्वेच्या व साखर कारखान्यांच्या वसाहती यांचे नकाशे अद्यापि पुष्कळ ठिकाणीं मिळण्याजोगे आहेत. चाळी पाडल्या जात आहेत तेथें ते मिळविण्यास फार अवधि उरलेला नाहीं. ते मिळवितांना त्यांच्याबरोबर भाडेपत्रें व नोकरीचे नियमही मिळविण्याची दक्षता संशोधकांनीं घ्यावी. वास्तु उभी असतां हीं कागदपत्रें क्षुल्लक वाटतात. वास्तु गेल्यावर तीं मिळत नाहींत.